वर्षाची चटणी पहिल्यांदाच घरी करताय? आजीची सांगलीकडची रीत, पायरीपायरीने

आजवर ज्यांच्या घरी चटणीची बरणी गावाहून येत होती आणि यंदा ती स्वतःच भरायची वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. चटणी म्हणजे आपली कांदा-लसणाची, वर्षभर पुरणारी. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ती कांदा-लसूण मसाला म्हणून पाकिटात मिळते, पण घरच्या चटणीची चव त्या पाकिटाला येत नाही, हे खाणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

माझी आजी तासगाव तालुक्यातली, येरळाकाठच्या गावातली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नातवंडं तिच्याकडे जायचो तेव्हा येरळेचं पात्र कोरडं ठणठणीत असायचं, बायका वाळूत झरे उकरून पाणी भरायच्या, आणि गावातल्या प्रत्येक माळवदावर काही ना काही वाळत पडलेलं असायचं. कुरडया, सांडगे, शेवया, आणि लालभडक मिरच्या. तिच्या हाताखाली हे काम करत मोठी झाले. आता सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर आणि गॅसवर तीच चटणी करते. माळवद गेलं, चूल गेली, मदतीला येणाऱ्या जावा-नणंदा पांगल्या, तरी रीत जशीच्या तशी चालते.

सुरुवातीलाच एक सांगते. या सगळ्या खटाटोपाचं मर्म एकच आहे: जिन्नसातलं पाणी काढून टाकणं. मिरची वाळवतो ती त्यासाठी, कांदा आधी उन्हात आणि मग तेलात घालतो तो त्यासाठी, खोबरं आणि मसाले भाजतो तेही बऱ्याच अंशी त्यासाठीच. चटणी नासली की लोक मिरचीला किंवा डंकवाल्याला, म्हणजे ती कुटून देणाऱ्याला, नावं ठेवतात. बहुतेक वेळा चूक ओलाव्याची असते. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हे डोक्यात असू द्या.

१. दिवस ठरवा

शिमगा झाल्यापासून आखितीपर्यंतचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचा, काळ सगळ्यात चांगला. बाजारात नवी मिरची आलेली असते, ऊन कडक असतं आणि हवेत दमटपणा नसतो. मे उजाडला की आपल्याकडे वळवाचा भरवसा नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीन-चारला आभाळ भरून येतं, वावटळ सुटते आणि बघता बघता टपोरे थेंब. आजीकडे असं झालं की गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकच आरोळी उठायची आणि पोरंसोरं शिडीनं माळवदावर पळायची. ज्याच्या हाताला ज्याची चादर लागेल ती त्यानं गोळा करायची, कुणाची ते खाली आल्यावर बघायचं.

मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आत बरण्या बांधून झाल्या पाहिजेत, एवढं धरून मागे मोजत या. वाळवणाला तीन-चार दिवस, भाजणीला एक दिवस, डंकाला एक दिवस, मुरायला दोन दिवस. नोकरी करणाऱ्यांनी दोन शनिवार-रविवार धरले तर आरामात होतं.

२. किती करायची ते ठरवा

देठ काढलेल्या १ किलो मिरचीची साधारण सव्वादोन ते अडीच किलो चटणी होते. रोज आमटी-भाजी खाणाऱ्या चार माणसांच्या घराला दोन ते तीन किलो मिरचीची चटणी वर्षभर पुरते. पहिल्यांदाच करत असाल तर एकाच किलोची करा. भाजायला कढई लहान पुरते, आणि अंदाज चुकला तरी फार नुकसान होत नाही.

३. मिरची निवडा

एकाच जातीच्या मिरचीची चटणी चांगली होत नाही. रंगाची वेगळी, तिखटाची वेगळी, चवीची वेगळी घ्यावी लागते.

ब्याडगी रंगासाठी. ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. सालीला सुरकुत्या, रंग गडद, तिखट कमी. त्यातही कड्डी लांब आणि बारीक असते, डब्बी फुगीर. चटणीला दोन्ही चालतात.

संकेश्वरी चवीसाठी आणि झणझणीतपणासाठी. लांब, पातळ सालीची, वास एकदम ओळखू येणारा. नाव बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरचं, पण आपल्या बाजूला गडहिंग्लजच्या बाजारातही तिचे सौदे निघतात. अस्सल संकेश्वरी महाग असते. कुणी अगदी स्वस्तात देत असेल तर ती दुसरीच लांब मिरची आहे असं समजा आणि एक मोडून वास घेतल्याशिवाय घेऊ नका.

लवंगी निव्वळ तिखटासाठी, तीही थोडी.

१ किलोला माझं प्रमाण ब्याडगी ५०० ग्रॅम, संकेश्वरी ३०० ग्रॅम, लवंगी २०० ग्रॅम. घरात लहान मुलं असतील तर लवंगी पूर्ण वगळा आणि ब्याडगी ७०० ग्रॅम, संकेश्वरी ३०० ग्रॅम घ्या. देठ, बिया आणि खराब निघालेल्या मिरच्यांची घट धरून प्रत्येक जात थोडी जास्तच आणा.

घेताना या गोष्टींकडे लक्ष द्या:

- पोत्यात हात खोलवर घाला. वरची मिरची कोरडी आणि आतली दमट लागली तर वजनासाठी पाणी मारलेलं आहे. दुकान बदला.
- चार-पाच मिरच्या मोडून आत बघा. आत पांढरी-करडी बुरशी असेल तर ते पोतं नको. बुरशी उन्हात घालून किंवा भाजून जात नाही, आणि ती पोटात जाणं धोक्याचं आहे.
- पांढरे-पिवळे डाग पडलेली फटकी मिरची रंग मारते. मूठभर चालेल, जास्त नाही.
- तयार कुटलेलं तिखट आणून त्यात मसाले घालायचा सोपा मार्ग बरेच जण सुचवतील. त्या तिखटात काय आहे ते तुम्हाला कळणार नाही. अख्खीच मिरची घ्या.

४. सामानाची यादी

हे प्रमाण देठ काढलेल्या १ किलो मिरचीला. आजी मुठीनं आणि ओंजळीनं घालायची. तिच्या मुठीचं वजन करून मी हे लिहून ठेवलं आहे.

- कांदा १ किलो (साठवणीचा उन्हाळी, त्यात पाणी कमी असतं)
- सुकं खोबरं २५० ग्रॅम
- लसूण २५० ग्रॅम, शक्यतो गावठी
- कोथिंबीर १ मोठी जुडी
- धणे २५० ग्रॅम
- जिरे ५० ग्रॅम
- पांढरे तीळ १०० ग्रॅम
- खसखस ५० ग्रॅम
- लवंग, मिरे, दालचिनी, शहाजिरे, दगडफूल, मसाला वेलदोडे, बाद्यान (चक्रफूल), प्रत्येकी १० ग्रॅम
- जायपत्री, नागकेशर, प्रत्येकी ५ ग्रॅम
- तमालपत्र मूठभर
- मेथी १० ग्रॅम, मोहरी २५ ग्रॅम
- हळकुंडं ५० ग्रॅम
- खडा हिंग २० ग्रॅम, त्यातले दोन-तीन खडे बरणीसाठी बाजूला
- खडे मीठ २०० ते २५० ग्रॅम
- शेंगतेल साधारण पाव लिटर

सांगलीच्या गणपती पेठेत किंवा साताऱ्या-कराडच्या कुठल्याही जुन्या किराणा दुकानात "एका किलोचा चटणीचा मसाला द्या" म्हटलं की सगळं पुडीत बांधून मिळतं. सोयीचं आहे, पण पुडी घरी सोडून बघा. हलकं आणि स्वस्त म्हणून दगडफूल भरपूर असतं, लवंग-वेलदोडा बेताचा. दगडफूल जास्त झालं तर चटणीला काळसर रंग आणि कडवट चव येते. जास्तीचं काढून ठेवा.

हळकुंडाला सांगलीत तोटा नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या पेठेत हळदीचा व्यापार चालत आला आहे. हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद साठवायचे, त्यांतली बरीच पेवं २००५ च्या महापुरात खराब झाली. सांगलीत राहून हळदीची तयार पूड वापरू नका. अख्खं हळकुंड तळून कुटलं की वास निराळाच येतो.

५. साधनं

- मिरची वाळवायला जुन्या सुती साड्या किंवा चादरी. प्लास्टिकचा कागद नको, खालून घाम धरतो.
- सूप, मोठी परात, जाड बुडाची लोखंडी कढई, झारा
- डंकावर न्यायला घट्ट झाकणाचे दोन-तीन स्टीलचे डबे
- नाकाला बांधायला ओढणी किंवा मास्क, आणि हाताला लावायला तेल
- चिनी मातीची बरणी, दादरा बांधायला पांढरं सुती कापड आणि सुतळी

बरणी आठ दिवस आधीच धुऊन उन्हात ठेवा. आदल्या दिवशी धुतली तर तळाच्या कडेला ओल राहते.

६. मिरची वाळवा आणि देठ काढा

दोन-तीन कडक उन्हं दाखवा. सकाळी दहाला पसरा, सूर्य कलायच्या आधी गोळा करून घरात आणा. रात्रभर बाहेर राहिली तर पहाटेचा दमटपणा शोषून घेते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गच्चीची परवानगी, कबुतरं आणि धूळ या तिन्हींचा विचार करावा लागतो. वरून पातळ ओढणी टाकली आणि कडेनं विटा ठेवल्या की निभतं.

वाळली की नाही हे कसं कळेल? आजी चादरीच्या मधोमध उकिडवी बसायची. एक मिरची उचलून कानाजवळ न्यायची आणि हलवायची. आतल्या बिया खुळखुळल्या की ती सुपात, आवाज नाही आला तर परत उन्हात. मग देठाकडून वाकवून बघायची. चामड्यासारखी वाकली तर अजून ओल आहे, कट्टदिशी तुटली तर झाली. "मिरची बोलली पायजे, पोरी," म्हणायची. "मुकी मिरची डंकाव न्यायची न्हाय." ब्याडगीची साल जाड, तिला एक ऊन जास्त लागतं. संकेश्वरी आधी तयार होते. म्हणून तिन्ही जाती वेगवेगळ्या चादरींवर वाळवा.

देठ काढायचं काम वाळवण झाल्यावर लगेच, मिरची गरम आणि कडक असतानाच करा. नंतर ती हवेनं मऊ पडते आणि देठ ओढताना सगळी फाटते. बसण्याआधी दोन्ही हातांना मनगटापर्यंत शेंगतेल चोळा. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे हाताची आग झाली तर नळाखाली हात धरून उपयोग होत नाही. आधी तेल चोळा, मग साबण लावा. डोळ्याला हात लावू नका, आणि लहान मूल घेणार असाल तर हे काम दुसऱ्याला द्या.

देठांबरोबर बऱ्याच बिया गळतात. त्या सगळ्या टाकू नका, पण सगळ्या घालूही नका. बियांनी चटणीचा रंग फिका पडतो. मी सुपानं पाखडून निम्म्याहून जास्त काढून टाकते.

एकट्यानं हे काम कंटाळवाणं होतं. आजीच्या गल्लीत पैऱ्यानं चालायचं: आज एका घरच्या मिरच्या, उद्या दुसऱ्या घरच्या. दुपारची जेवणं उरकली की सोप्यात दहा-बारा बायका गोल बसायच्या, मधे मिरच्यांचा ढीग, कडेला आम्ही लसूण सोलायला. कुणाची पोर कुठे दिली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, हे सगळं मला त्या ढिगाभोवती कळलं. मधेच एखादीला शिंक आली की ती सगळ्या घोळक्यातून फिरून यायची. आता सोसायटीतल्या तिघी-चौघी मिळून करतो. तुम्हीही एखादी जोडीदारीण शोधा. दोघींच्या दोन किलो मिरच्यांचे देठ गप्पा मारता मारता एका दुपारी निघतात.

७. कांदा

नवखी माणसं सगळ्यात जास्त इथे घाई करतात. चटणी बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अर्धवट वाळलेला, अर्धवट तळलेला कांदा.

कांदा उभा, पातळ आणि एकसारखा चिरा. काही काप जाड आणि काही बारीक राहिले तर बारीक करपतात आणि जाड आत ओले राहतात. सुती कापडावर एकेरी पसरून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो मऊ आणि चिकट लागेल, घाबरू नका. शेवटी काप कागदासारखे सुकतात आणि १ किलो कांद्याचा जेमतेम मोठा वाडगाभर ऐवज उरतो.

मग तेलात मध्यम आचेवर थोडा थोडा तळा. बदामी रंग आला की लगेच झाऱ्यानं काढा. काढल्यावरही तो स्वतःच्या उष्णतेनं एक छटा गडद होतोच. कढईतच तपकिरी होऊ दिला तर परातीत काळा होईल आणि सगळी चटणी कडू करेल. गार झाल्यावर चिमटीत धरून चुरा. कुरकुरीत चुरा झाला तर ठीक, वातड लागला तर पुन्हा मिनिटभर तेलात.

उरलेलं तेल टाकू नका. पुढचे मसाले त्याच तेलात परतायचे.

८. लसूण आणि कोथिंबीर

लसूण सोलून पाकळ्या एक दिवस सावलीत, पंख्याखाली पसरून ठेवा. पाकळ्यांचा वरचा ओलसरपणा जातो. काही घरांत कच्चाच घालतात. मी चमचाभर तेलात हलका परतून घेते, कारण फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात हवा कमी खेळते. परतून वास थोडा मवाळ होतो, टिकाऊपणा वाढतो.

कोथिंबीर दोन दिवस आधी धुवा, निवडा आणि सावलीत पूर्ण सुकवा. डंकाला जायच्या सकाळी जुडी धुऊन पाणी निथळवत नेणारी माणसं मी पाहिली आहेत. ती चटणी श्रावणापर्यंतसुद्धा टिकत नाही. आलं माझी आजी घालत नसे, म्हणून मीही घालत नाही.

९. मसाले भाजा

एक नियम: प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. धण्याला लागणारा वेळ आणि खसखशीला लागणारा वेळ एक नाही. सगळं एकदम कढईत टाकलं तर निम्मं कच्चं आणि निम्मं जळकं निघतं.

क्रम असा ठेवा:

आधी कोरडे. खडे मीठ गरम करून घ्या, त्यातला ओलावा उडतो. मग तीळ, ते तडतडायला लागले की लगेच उतरवा. मग खसखस, मंद आचेवर, हलवणं न थांबवता. ती डोळ्यांदेखत करपते.

मग खोबरं. किसून किंवा पातळ काप करून तांबूस भाजा. वाटी विकत घेतानाच चाखून बघा. खोबरं किंचितही खवट असेल तर चटणी दोन महिन्यांत खवट होते, आणि त्याला पुढे काही इलाज नाही.

मग तेलातले. कांद्याच्या उरलेल्या तेलातलं थोडं थोडं घालून धणे, जिरे, शहाजिरे, मोहरी, मेथी. मेथी लालसर झाली की बस, त्यापुढे कडू. नंतर लवंग, मिरे, दालचिनी, वेलदोडे, बाद्यान फुगून वास सुटेपर्यंत. दगडफूल, जायपत्री, नागकेशर आणि तमालपत्र फक्त गरम होईपर्यंत.

शेवटी हळकुंडं आणि हिंग. हळकुंडं आधी खलबत्त्यात फोडून तुकडे करा, अख्खी आतून तळली जात नाहीत. हिंगाचे खडे तेलात फुलतात, फुलले की काढा.

आजी भाजणीला बसली की कुणाशी बोलत नसे. आम्ही काही विचारायला गेलो तर हातानंच "थांब" म्हणायची. डोळे अर्धे मिटलेले, नाक कढईवर. धण्याचा कच्चा, गवतासारखा वास जाऊन गोडसर वास यायला लागला की कढई खाली. रंगापेक्षा वासावर जा, हे मी तिच्याकडून घेतलं. गॅसवर तर ते जास्तच लागू पडतं, कारण आच एकसारखी असल्यामुळे रंग बदललेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

सगळं परातीत पूर्ण गार होऊ द्या. गरम मसाला डब्यात भरून झाकण लावलं तर आत वाफ धरते, म्हणजे दोन दिवसांची मेहनत आपणच ओली करतो.

१०. डंकावर

डंक म्हणजे मोटारीवर चालणारं कांडप. लोखंडी मुसळं वर उचलली जातात आणि उखळात आदळतात. पिठाच्या गिरणीत दगडांच्या घर्षणानं मिरची फार तापते, रंग आणि वास उतरतो. डंकावर ती कुटली जाते, म्हणून चव राहते. घरच्या मिक्सरवर करायचीच असेल तर पाव पाव किलोच्या घाण्या घाला आणि प्रत्येक घाण्यानंतर भांडं गार होऊ द्या.

सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठेही "मिरची कांडप" अशी पाटी शोधा. मार्च ते मे तिथे रांग असते, म्हणून आदल्या दिवशी जाऊन नंबर लावा आणि किलोमागे दर विचारून ठेवा. मिरचीच्या वजनावर दर आहे की सगळ्या सामानाच्या, हेही विचारा. त्यावरून ऐनवेळी वाद होतात.

तिथे गेल्यावर:

- शक्यतो सकाळचा पहिला नंबर घ्या. नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाची चटणी उखळाच्या कडांना असते. आधी आपल्या मूठभर मिरच्या फिरवून त्या बाजूला काढायला सांगा.
- सामान देऊन निघून जाऊ नका. शेवटपर्यंत उभे राहा.
- दमा किंवा खोकला असलेल्या माणसाला, लहान मुलांना आणि गरोदर बाईला नेऊ नका. तिथली हवा सहन होत नाही.

कुटण्याचा क्रम तुम्ही सांगायचा. आधी मिरची आणि कोरडे मसाले एकत्र कुटून चाळून घ्यायचे. मग कांदा, खोबरं, लसूण आणि कोथिंबीर वेगळी जाडसर कुटायची. शेवटी दोन्ही एकत्र करून, मीठ घालून पुन्हा डंकाखाली. या शेवटच्या फेरीत चटणीचं रूप पालटतं. सुरुवातीला फिकट, भुसभुशीत असते. मुसळं आदळत राहतात तसं खोबऱ्याचं आणि कांद्याचं तेल सुटतं, रंग गडद होत जातो आणि ती उखळाच्या कडा सोडून गोळा व्हायला लागते. मुठीत दाबल्यावर मुटका झाला आणि बोटानं ढकलल्यावर मोडला, की थांबवा.

तिथे एखादी जाणती बाई असतेच. तुमची चटणी बघून ती "अजून एक फेरी घाला" किंवा "बास झालं" म्हणेल. तिचं ऐका.

११. मुरवा आणि भरा

घरी आल्यावर चटणी गरम असते. परातीत पसरून, वर सुती कापड टाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी हात कोरडे करून चांगली मळा, गुठळ्या फोडा आणि चव बघा. ताजी चटणी नेहमी थोडी उग्र आणि खारट लागते. लगेच काही वाढवू नका, दोन दिवस मुरल्यावर तिखट-मीठ एकजीव होतं.

भरताना बरणीच्या तळाशी हिंगाचा खडा ठेवा. चटणी थराथरानं घालून मुठीनं दाबत जा, मधे पोकळी राहायला नको. वर पुन्हा हिंगाचा खडा, त्यावर मिठाचा पातळ थर. मग झाकण, आणि झाकणावरून दादरा घट्ट बांधायचा. बरणी अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. उजेडानं रंग उडतो. काचेची बरणी ओट्यावर दिसायला छान दिसते, पण वर्षाची चटणी तिच्यात ठेवू नका.

रोजच्या वापराला लहान डबा भरून घ्या आणि मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडा. पावसाळ्यात तर अजिबात उगाच उघडू नका. चमचा कोरडा. आमटीच्या उकळत्या पातेल्यावर डबा धरून चटणी घालायची सवय असेल तर ती मोडा, वाफ थेट डब्यात जाते.

चटणी भरलेल्या दिवशी संध्याकाळी आजी आमच्याकडून वाटीवाटीनं वानवळा पोचवायची. ज्या घरांच्या बायका देठ काढायला आल्या होत्या, त्या प्रत्येक घरी. मग चुलीपुढे बसून गरम ज्वारीची भाकरी, ताजी चटणी, वर कच्चं शेंगतेल आणि फोडलेला कांदा. त्या दिवशी भाजी करायचीच नाही असा नियम होता.

१२. वापरताना

चटणीत मीठ असतं, म्हणून भाजी-आमटीत मीठ नेहमीपेक्षा कमी घाला आणि शेवटी घाला. वांगं, अख्खा मसूर, मटकी, मटणाचा रस्सा, कशातही ती फोडणीत घालताना आच मंद करा, नाहीतर आतला कांदा-लसूण करपतो. गरम मसाला वेगळा घालायची गरज नाही. भडंग करणार असाल तर तेलात लसूण-शेंगदाणे परतून, गॅस बंद करून मग चटणी घाला आणि लगेच चुरमुरे ओता.

वरचा रंग कालांतरानं थोडा काळसर होतो, ते साहजिक आहे. आंबूस किंवा खवट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली, तर वरचा थर काढून बाकीची वापरू नका, सगळी टाका. चटणी नुसती कोरडी पडली असेल तर तेल गरम करून पूर्ण गार करा आणि हातानं चोळून लावा.

मुलाबाळांना बाहेरगावी पाठवायची असेल तर मोठ्या डब्याऐवजी पाव-पाव किलोच्या पिशव्या करा. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक, हवा दाबून काढून तोंड बंद, आणि वरून कापडी पिशवी. एका वेळी एकच फोडायला सांगा, बाकीच्या फ्रीजमध्ये ठेवू देत. आणि पिशवीवर कुटल्याचा महिना लिहा, म्हणजे पुढच्या शिमग्याला फोन करून "अजून किती उरली?" विचारता येतं आणि यंदा किती किलो मिरची आणायची ते ठरतं.